मेटिक्युलस

वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर साहेबांनी माझ्या नावापुढे एकच शब्द लिहिला होता: मेटिक्युलस. शिवी असती तर लगेच कळली असती. हे कौतुक आहे की टोमणा, काही उमगेना. शेवटी सही करण्याआधी बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर कोश उघडला.

'बारीकसारीक गोष्टींकडे काळजीपूर्वक लक्ष देणारा.' अरे, म्हणजे आपला काटेकोर! छाती फुगली. तिथेच थांबायला हवं होतं, पण काटेकोर माणूस व्युत्पत्ती वाचल्याशिवाय कोश मिटतो होय? लॅटिनमध्ये 'मेटस' म्हणजे भीती. १६व्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द चक्क 'भित्रा' या अर्थाने नांदत होता. मग अडगळीत गेला, आणि १९व्या शतकात फ्रेंचचं बोट धरून परतला तो 'नको तितकं जपणारा' होऊन. शाबासकीचा अर्थ त्यानंतरचा. तो सगळ्यांच्या पचनी पडला असंही नाही. इंग्रजीचे जाणकार कोशकार फाउलरसाहेबांनी १९२६ सालच्या आपल्या शब्दप्रयोगकोशात याच शब्दावरून ब्रिटिश पत्रकारांची हजेरी घेतली आहे.

हल्ली नोंदी, नियोजन, संशोधन, कशालाही हे विशेषण खुशाल लावतात आणि ते कौतुकच असतं. सचोटीला जपणाऱ्यासाठी 'स्क्रूप्युलस' हा वेगळा शब्द आहे. त्याच्या मुळाशी टोकदार खडा आहे म्हणे. बुटात गेला की पाऊल टाकवत नाही, तसा. माझा त्रास बुटातला नव्हे, पोटातल्या गोळ्याचा.

साहेबांना आभाराचा दोन ओळींचा मेल लिहिला. सात वेळा वाचला. 'आपला' की 'आपला नम्र', यात दहा मिनिटं गेली. त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'टी' एक की दोन, हे पुन्हा कोशात पाहिलं (एकच). मेल पाठवला. मग पाठवलेला उघडून आठव्यांदा वाचला, तेव्हा दिसलं की साहेबांचं आडनावच चुकलंय.

रात्री दाराचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून पाहत होतो. आतून बायको ओरडली, ''अहो, किती तो भित्रेपणा! झोपा आता.''

कोश न उघडता थेट १६व्या शतकातला अर्थ! मी चकित होऊन क्षणभर उभा राहिलो, आणि मग गॅस बंद आहे का ते बघायला गेलो.