‘ओएम५ टाका, अंतर वाढेल’: एका सल्ल्याची तपासणी

नव्या डेटा सेंटरचे केबलिंग ठरत असताना एक सल्ला हमखास पुढे येतो: मल्टिमोड, म्हणजे कमी अंतरासाठीचे जाड गाभ्याचे फायबर, टाकायचेच असेल तर ओएम३ आणि ओएम४नंतरची त्याची नवी श्रेणी, पोपटी जॅकेटचे ओएम५, टाका. त्यावर कोणतेही मॉड्यूल (केबलच्या टोकाला प्रकाश टाकणारे आणि टिपणारे उपकरण) ओएम४पेक्षा लांब चालते, दोनच फायबरवर १०० गिगाबिट हवे असतील तर त्याला पर्याय नाही, पुढचे वेग त्यावरच येणार आहेत आणि कनेक्टरमध्ये होणाऱ्या प्रकाशाच्या तोट्यालाही जास्त वाव मिळतो, असे सांगितले जाते. ही विधाने जशीच्या तशी निविदेत उतरतात आणि त्यांचा भुर्दंड ग्राहकाला बसतो, म्हणून ती एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिला मुद्दा अंतराचा. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीवर ओएम३ची प्रभावी बँडविड्थ (फायबर किती अंतरावर किती वेगाचा सिग्नल नेऊ शकते याचे माप) २००० मेगाहर्ट्झ-किलोमीटर आणि ओएम४ची ४७०० आहे, तर ओएम५चीही त्याच तरंगलांबीवर ४७००च आहे. ओएम५मध्ये नवे आहे ते इतकेच की ९५३ नॅनोमीटरवर २४७० मेगाहर्ट्झ-किलोमीटरची हमी दिलेली असते, जी ओएम४साठी दिली जात नाही. म्हणजे मॉड्यूलचा लेझर ८५०च्या आसपासच प्रकाश टाकत असेल, तर या जादा हमीचा त्याला काहीही उपयोग नाही. १०० गिगाबिटचे १००जीबेस-एसआर४ मॉड्यूल हे त्याचे नेहमीच्या वापरातले उदाहरण आहे: ओएम३वर ७० मीटर, ओएम४वर १०० मीटर आणि ओएम५वरही १०० मीटरच.

दोन फायबरच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. एका फायबरवर अनेक तरंगलांबी चालवणारे एसडब्ल्यूडीएम४ मॉड्यूल १०० गिगाबिटला ओएम३वर ७५ मीटर, ओएम४वर १०० मीटर आणि ओएम५वर १५० मीटर चालते. एकाहून अधिक तरंगलांबी वापरणाऱ्या चारशे गिगाबिटच्या एसआर४.२ मॉड्यूलची मर्यादा अनुक्रमे ७०, १०० आणि १५० मीटर आहे. तेव्हा ओएम५ची खरी जागा ही आहे: याच प्रकारची मॉड्यूल घ्यायचे पक्के ठरलेले आहे आणि केबलच्या धावा १०० ते १५० मीटरच्या आहेत. डेटा सेंटरच्या अशा सभागृहात मी स्वतः ओएम५च सुचवीन. पण शंभर मीटरच्या आत हीच मॉड्यूल ओएम४वर व्यवस्थित चालत असताना ‘पर्याय नाही’ असे म्हणणे चुकीचे आहे. आणि धावा १५० मीटरच्याही पुढे जाणार असतील, तर ५०० मीटर गाठणारी सिंगल मोडची (बारीक गाभ्याच्या, लांब अंतराच्या फायबरवर चालणारी) डीआर मॉड्यूल समोर ठेवूनच हिशोब मांडावा.

पुढच्या वेगांबद्दलचे विधान तर मानकानेच खोडले आहे. एका लेनवर, म्हणजे एका प्रकाशमार्गावर, १०० गिगाबिट नेणारे इथरनेटचे मानक आयईईई ८०२.३डीबी २०२२ साली मंजूर झाले. त्यातील एसआर प्रकाराला ओएम३वर ६० मीटर आणि ओएम४ व ओएम५ या दोन्हींवर १०० मीटरची मर्यादा आहे. आणखी कमी अंतराच्या व्हीआर प्रकाराला ओएम३वर ३० आणि ओएम४ व ओएम५वर ५० मीटर.

तोट्याच्या मुद्द्यावर मात्र थांबावेच लागेल, कारण प्रत्यक्षात लिंक अडते ती इथे. ओएम४वर १००जीबेस-एसआर४ला संपूर्ण मार्गात १.९ डेसिबल इतकाच तोटा चालतो आणि त्यातील १.५ डेसिबल जोडांसाठी राखलेले आहेत. मानकानुसार एमपीओच्या (अनेक फायबर एकत्र जोडणाऱ्या कनेक्टरच्या) एका जोडाला ०.७५ डेसिबलपर्यंत मुभा असल्यामुळे असे दोनच जोड हे सगळे खाऊन टाकतात. दोन पॅच पॅनेलमधून जाणाऱ्या मार्गात चार जोड आले, तर कमी तोट्याचे, म्हणजे ०.३५ डेसिबलच्या आतले कनेक्टर घ्यावेच लागतात. ते चार मिळून १.४ होतात. जॅकेटचा रंग बदलल्याने या आकड्यांत काहीच फरक पडत नाही.

ऐरोलीतील एका सभागृहात १०० गिगाबिटच्या एका लिंकवर सतत सीआरसी त्रुटी (डेटा बिघडून पोहोचल्याची खूण) येत होत्या. मॉड्यूल दोनदा बदलून झाले होते आणि आता ट्रंक (पॅनेलांमधली मुख्य केबल) काढून ओएम५ ओढण्याचा प्रस्ताव टेबलावर होता. त्याआधी आम्ही पॅच कॉर्डचे (मॉड्यूल पॅनेलला जोडणाऱ्या छोट्या केबलचे) टोक स्कोपखाली, म्हणजे तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, धरले. बारा फायबरपैकी तिसऱ्या फायबरच्या ५० मायक्रॉनच्या गाभ्यावर बोटाच्या तेलकटपणाचा पातळ थर पसरलेला स्पष्ट दिसत होता. एमपीओ क्लीनरने टोक दोनदा पुसले, पॅनेलच्या बाजूचे टोकही तपासून स्वच्छ केले आणि कॉर्ड परत बसवली. त्रुटींचा आकडा त्यानंतर वाढला नाही, आणि आधीचे ओएम४ आजही त्याच ट्रेमध्ये आहे.