‘पांदणीत फसणारी गाडी गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार दिला, वाचला. तुमचं म्हणणं असं की आम्ही तुम्हाला पुढच्या चाकांवर चालणारी एर्टिगा गळ्यात मारली, झड लागल्यावर ती वावराच्या पांदणीत फसली, ट्रॅक्टर लावून काढावी लागली, अन् शेजाऱ्याची बोलेरो त्याच पांदणीतून आरामात निघून गेली.

गाडी फसली, त्यात वाद नाही. पण तुम्हीच टाकलेला फोटो जरा मोठा करून पाहा. मागची सीट पाडलेली अन् तिच्यावर युरियाची चार पोती. एक पोतं 45 किलोचं, म्हणजे 180 किलो, सगळं मागच्या चाकांवर. एर्टिगाचं इंजिन पुढं अन् ओढणारी चाकंही पुढंच. गाडीत माल नसला की इंजिनाचं वजन त्या चाकांना दाबून धरतं, म्हणून ओल्या रस्त्यावर ती सरळ चालते. मागं माल भरला अन् त्यात चढ आला, की पुढची चाकं हलकी पडतात अन् जागेवरच फिरत राहतात. बोलेरोचं याच्या उलट. तिथं मागची चाकं ढकलतात, त्यामुळं माल असला की पकड वाढते. तीच बोलेरो रिकामी घेऊन काळ्या मातीच्या चढावर या, मागून कशी घसरते ते दिसेल.

शिवाय टायर. बोलेरोला 215/75, तुमच्या गाडीला 185/65 (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते), रिंग दोन्हीची 15 इंचच. तरी बोलेरोचा टायर जवळपास 8 सेंटिमीटर उंच भरतो. अन् आपली माती एकदा टायरच्या खाचांत बसली की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच, मग गाडी पुढून ओढणारी असो की मागून ढकलणारी. झडीच्या दिवसांत त्या पांदणीत बैलगाडीही अडते, हे तुम्हाला मी काय सांगावं!

गाडी घ्यायला आले तेव्हा रनिंग विचारलं होतं. तुम्ही सांगितलं, रोज यवतमाळ, मधूनमधून आईला घेऊन नागपूरचा दवाखाना, वर्षातून एकदा शेगाव. सातजण बसले पाहिजेत अन् डिझेल कमी लागलं पाहिजे. युरियाचा विषयच निघाला नव्हता. या रनिंगला मी आजही हीच गाडी दाखवेन. 2012 च्या डिझेल एर्टिगाचा कंपनीचा अॅव्हरेज लिटरला 20.77 किलोमीटर आहे, रस्त्यावर तेवढा मिळत नाही, पण बोलेरो त्याच्या जवळही येत नाही. अन् मागची चाकं ढकलतात तीच मजबूत गाडी, हे आपल्याकडं अॅम्बॅसेडर अन् जीपच्या जमान्यापासून डोक्यात बसलं आहे. इनोव्हा 2005 पासून मागच्या चाकांवर चालत होती, पण 2022 मध्ये आलेली इनोव्हा हायक्रॉस पुढच्या चाकांवर आहे. (आमच्या बाबांना हे अजून पटलेलं नाही, तो भाग वेगळा.)

तरीही बोलेरोच पाहिजे असेल तर एक्स्चेंज करून देऊ, बाजारभावानं. आमच्याकडून घ्या की दुसरीकडून, जुनी घेताना खाली वाकून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा) हातानं हलवून पाहा. क्लच सोडताना खालून ‘टक’ वाजलं तर त्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेलेला असू शकतो. मागून कुंईकुंई आवाज येत असेल तर डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) उघडावं लागू शकतं, तो खर्च भावातून आधीच कापून घ्या. तुमच्या एर्टिगाला प्रोपेलर शाफ्टही नाही अन् मागचं डिफरन्शियलही नाही. तिचं बघायचं ते एवढंच, की स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली अन् कटकट ऐकू आलं, तर एक्सलचा रबर बूट फाटला का ते पाहायचं. चिखलातून ओढून काढल्यावर तर नक्की पाहायचं. गाडी घेऊन या, लिफ्टवर चढवून मी स्वतः दाखवतो, त्याचे पैसे लागणार नाहीत.

तोपर्यंत पुन्हा चढावर चाकं फिरायला लागली तर एक्सिलरेटर दाबत बसू नका, गाडी आणखी खोल बसते. पोती उतरवा, अन् जागा असेल तर गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवा. रिव्हर्समध्ये इंजिन उताराच्या बाजूला येतं अन् वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडतं.