वजीर दिला, पुढे काय?

आज पुन्हा बुद्धिबळाचं तेच कोडं फिरतंय. 'पांढऱ्याची चाल, ओळखा' आणि खाली उत्तरांची रांग: वजीर एच८ (म्हणजे एच८ या घरात), वजीर एच८, वजीर एच८. सुटलं म्हणे! अरे, वजीर दिला, पुढे काय? काहींनी तर 'मात' लिहिलंय. कुठली मात?

१९६६, मॉस्को, जगज्जेतेपदाच्या लढतीतला दहावा डाव. पांढरा पेट्रोशियन, काळा स्पास्की. काळा राजा जी८, हत्ती एफ७, वजीर जी५. पांढरा घोडा डी६वर. घोड्याने घाईघाईत हत्ती मारला तर राजा घोडा खातो, हाती भोपळा. म्हणून आधी वजीर एच८, शह! राजाला तो खावाच लागतो, म्हणजे एफ७चा पहारा सुटतो. मग घोडा हत्ती मारतो, शह देतो आणि त्याच वेळी जी५च्या वजिरावरही बसतो. राजा हलला की वजीर गेला. पांढऱ्याकडे एक घोडा जास्त. एवढं लिहिलंत तर कोडं सुटलं. स्पास्कीने वजीर एच८ पाहूनच डाव सोडला.

पण खरा संताप डाव कापून कोडं करणाऱ्यांवर आहे. तिसाव्या चालीपासून दाखवलं की 'इथे काहीतरी आहे' हे फुकटात कळतं. खेळताना असं कानात कोण सांगतं? पेट्रोशियनने एकविसाव्या चालीला घोडा ई३वर नेऊन एफ१चा हत्ती उंटाच्या तोंडी सोडला. चोविसाव्या चालीला एफ४वर दुसरा हत्ती घोड्याच्या बदल्यात दिला. मग उंट ई६वर, शह. शह अडवणारा काळ्याचा एफ७चा हत्ती पिनमध्ये अडकला, म्हणजे बाजूला झाला तर राजा उघडा पडतो, आणि घोडा ई४वरून डी६ला पोचला. पाहायचं ते हे!

झटपट कोड्यांनी नजर तयार होते, बरं, मान्य.

मुलांना शिकवणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे. चोविसाव्या चालीआधीची स्थिती पटावर मांडा. पंधरा मिनिटं द्या, मोहऱ्यांना हात नाही. आधी दोन्हीकडचे मोहरे मोजायचे, मग शह, मार, धमकी या क्रमाने चाली तपासायच्या. प्रत्येक चालीनंतर समोरच्याचं सगळ्यात चिवट उत्तर लिहायचं, आपल्याला सोयीचं नाही. पोरं चुकतात ती बहुतेक इथेच. नाहीतर मारलेला मोहरा मनातल्या पटावर तसाच उभा राहतो. पूर्ण ओळ कागदावर उतरल्याशिवाय इंजिन (चाली शोधून देणारा संगणक प्रोग्राम) उघडू देऊ नका. चुकलेलं कोडं आठवड्याने परत मांडा, या वेळी काळ्याच्या बाजूने बसवून.