मानेच्या सौद्यांतून डकारला काय मिळालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सेनेगलचा फुटबॉलपटू सादियो माने याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत: खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना ५ टक्के देण्याचा फिफाचा नियम निव्वळ कागदी आहे. लिव्हरपूलने मोजलेल्या सुमारे ३४ दशलक्ष पौंडांतून डकारच्या जेनेरास्यों फूट अकादमीला छदामही मिळाला नाही. आणि जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबात तो ‘उघडा पडला’ हे लेखात झाकलंय. तिसऱ्याचं उत्तर शेवटी, ते लवकर आटपेल. पैशांचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा.

१२व्या ते २३व्या वाढदिवसाच्या हंगामांत खेळाडू ज्या क्लबांकडे नोंदलेला होता, त्यांच्यात पुढच्या ट्रान्सफर फीचे, म्हणजे क्लब बदलताना मोजलेल्या रकमेचे, ५ टक्के वाटले जातात. १२ ते १५ या चार हंगामांना प्रत्येकी ०.२५ टक्के, १६ ते २३ या आठ हंगामांना प्रत्येकी ०.५. मानेचा जन्म १० एप्रिल १९९२ चा, म्हणजे त्याचे हे हंगाम २००३-०४ ते २०१४-१५. त्यात फ्रान्सचा मेत्झ आणि ऑस्ट्रियाचा साल्झबर्ग येतात, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनचा पहिला हंगामही येतो. २०११ मध्ये तो मेत्झला गेला, म्हणून त्यानंतरचं काहीच डकारच्या वाट्याचं नाही. शिवाय ही रक्कम फीतूनच कापली जाते, वर जादा नसते.

आता लिव्हरपूल. २०१६ चा तो सौदा साउदॅम्प्टनशी झाला, म्हणजे दोन्ही क्लब इंग्लंडचे. तेव्हा हा नियम फक्त एका देशाच्या फेडरेशनमधून दुसऱ्या देशात होणाऱ्या बदलीला लागू होता. देशांतर्गत सौद्यात परदेशातल्या क्लबाचाही हिस्सा धरला जाऊ लागला तो १ जुलै २०२० पासून. त्यामुळे या नियमाने डकारला काही मिळालं नाही हे खरं, पण कुणी पैसे दाबले म्हणून नव्हे; नियमच तिथवर पोचत नव्हता. पोचला असता तर अकादमीतल्या १६ नंतरच्या एकेका हंगामाचे १ लाख ७० हजार पौंड झाले असते. याला अन्याय म्हणा, माझी हरकत नाही.

बाकीचे मोठे सौदे सीमा ओलांडणारे होते आणि तिथे नियम लागू होता. २०१२ मध्ये साल्झबर्गने मेत्झला सुमारे ४० लाख युरो दिले: हंगामामागे २० हजार युरो. २०१४ मध्ये साउदॅम्प्टनने सुमारे ११.८ दशलक्ष पौंड मोजले: ५९ हजार पौंड. २०२२ मध्ये बायर्नने बोनस वगळून ३२ दशलक्ष युरो दिले: १ लाख ६० हजार युरो. बोनस पुढे लागू झाला की त्यातूनही ५ टक्के निघतात; छोट्या क्लबांनी हे लक्षात ठेवावं.

खरी गळती याच्या आधीची, आणि मेख तिथेच आहे. जेनेरास्यों फूट २००० साली सुरू झाली, २००३ पासून तिचं मेत्झशी साटंलोटं आहे. इस्माइला सार, पाप मातार सार, हबीब दियालो हे सेनेगलचे खेळाडू सगळे याच वाटेने गेले. मोजके अपवाद सोडले तर १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी बदली फिफाला चालत नाही. त्यामुळे त्या वयापर्यंत मुलांना सांभाळायचं डकारने, आणि मग आधीपासून ठरलेलं गिऱ्हाईक एकच. अशा बाजारात भाव चढणार कसा? (माने १९ वर्षांचा होऊन फ्रान्सला गेला, तेव्हा ‘पोरं पळवतात’ हा तुमचा शब्द इथे लागू नाही.) पुढे मेत्झचाही हात दगडाखाली सापडला. २०११-१२ मध्ये तो क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि ३१ ऑगस्टला, खेळाडूंच्या बदल्यांची मुदत संपता संपता, मानेला विकून मोकळा झाला.

म्हणून मी ५ टक्क्यांपेक्षा ‘सेल-ऑन’ कलमाला जास्त महत्त्व देतो. अकादमीने मेत्झकडून पुढच्या विक्रीचे १० टक्के करारात लिहून घेतले असते, तर ४० लाखांचे ४ लाख युरो. एका हंगामाच्या २० हजारांशी ताडून बघा, वीसपट! त्यासाठी फिफा लागत नाही, करार करताना दुसरं गिऱ्हाईक हाताशी लागतं.

दुसरी गळती नोंदणीची, आणि ही गोवा-मुंबईच्या अकादम्यांनीही वाचावी, नियम त्यांनाही हाच आहे. नोव्हेंबर २०२२ पासून पॅरिसच्या फिफा क्लिअरिंग हाउसमार्फत पैसे वाटले जातात. पूर्वी क्लबाने स्वतः माग काढून दावा लावायचा असे. आता खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट, म्हणजे तो कधी कोणत्या क्लबात होता याची यादी, फेडरेशनच्या नोंदींवरून तयार होतो. नोंद कोरी असली की तो हंगाम गेला. घोळ होतात ते साधेच: नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं, जन्मतारीख जुळत नाही, एकाच मुलाचे दोन नोंदणी क्रमांक. मुलगा जानेवारीत आला असेल तर हिस्साही तेवढ्याच महिन्यांचा. १२ ते १५ या वयात मूल गावच्या नोंद नसलेल्या संघात खेळलं, तर तो १ टक्का त्या संघाला मिळत नाही. क्लब सापडलाच नाही तर १८ महिन्यांनी देशाच्या फेडरेशनकडे जातो, युवा फुटबॉलसाठी. आणि करार संपून खेळाडू फुकट गेला तर फीच नाही, मग टक्के कशाचे काढणार?

राहिलं बायर्न. ३८ सामने, १२ गोल, हे आकडे लेखात आहेतच. पण ८ नोव्हेंबर २०२२ ला ब्रेमेनविरुद्ध उजव्या पायाला दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली, वर्ल्ड कप हुकला, परतायला फेब्रुवारी उजाडला. त्यात मधला आघाडीवीर लेवांडोव्स्की क्लब सोडून गेल्यामुळे तिशीतल्या मानेला बऱ्याचदा मधोमध खेळवलं. लिव्हरपूलला तो मुख्यतः डावीकडून आत शिरायचा, त्याच्या बाहेरून डावा बचावपटू रॉबर्टसन धावत यायचा. एप्रिल २०२३ मध्ये संघातल्याच सानेशी झालेल्या मारामारीची सफाई मी देणार नाही, दंड आणि एका सामन्याची बंदी योग्यच होती. त्याचं ते वर्ष वाईट गेलं, हे मला मान्यच आहे. पण त्यावरून ‘उघडा पडला’ म्हणणं मला पटत नाही.