‘टीव्हीने संगीतकार संपवला’ या दाव्याला उत्तर

गेले काही आठवडे कोल्हापुरातल्या गाण्याबजावण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: जो संगीतकार मालिकांकडे वळला त्याची प्रतिभा तिथेच आटली; मिनिटभराच्या शीर्षकगीतात संगीत मावत नाही; निर्मात्याच्या सांगण्यावरून बांधलेली चाल ही कलाकृतीच नव्हे; आणि कोल्हापूर दरबारचे थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या गावाने अशा संगीताचे कौतुक करावे ही शरमेची गोष्ट आहे. उदाहरणादाखल त्यात संगीतकार अशोक पत्कींचे नाव घेतले आहे. मी मंगळवार पेठेत पेटी शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पालकांनीच हा मजकूर मला पाठवला आणि ‘मग मुलांना ही गाणी शिकवायची की नाही?’ असे विचारले, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

प्रतिभा आटल्याचा आरोप सालांच्या क्रमापुढेच टिकत नाही. सुमन कल्याणपूर यांनी गायलेले ‘केतकीच्या बनी तिथे’ हे पत्कींचे भावगीत मालिकांच्या कितीतरी आधीचे. मधल्या काळात त्यांनी जाहिरातींच्या जिंगल्स केल्या, आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या गीताच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. त्यांनी शीर्षकगीत दिलेल्या मालिकांपैकी ‘आभाळमाया’ १९९९ मध्ये सुरू झाली आणि ‘वादळवाट’ २००३ मध्ये. त्यानंतर, २००६ सालच्या चित्रपटांसाठीचा सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटासाठी मिळाला. मालिकांची कामे करत असतानाच, साठी ओलांडल्यावर ज्याला हा सन्मान मिळतो, त्याची प्रतिभा मालिकांनी आटवली असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

दुसरा आरोप मिनिटभराच्या लांबीचा आहे आणि त्यावर मला जरा सावकाश बोलायचे आहे, कारण हे काम किती अवघड असते ते मी रोज पेटीवर पाहतो. ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत मंगेश कुलकर्णींनी लिहिले आणि देवकी पंडित यांनी गायले. त्यातल्या ओळी आखूड आहेत. एकेका ओळीत दोन छोटी विधाने आहेत आणि दोन्हींचा घाट सारखाच आहे. पाचवीतली एक मुलगी आईच्या आग्रहाखातर हे गाणे बसवत होती. तिचा एकही सूर चुकत नव्हता, तरीही गाणे काही केल्या येत नव्हते. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की दोन विधानांच्या मधली जागा तिला रिकामी वाटत होती आणि ती भरायला ती मधे एखादा सूर घालत होती. मी तिला उजवा हात उचलून नुसता भाता धरायला सांगितला आणि त्या ठहरावाला मनातल्या मनात ओळ पुरी होऊ द्यायला सांगितले. पुढच्याच फेरीला तिची आई दारातून आत येऊन बसली. गाणे शब्दांइतकेच त्या जागांवर उभे आहे, आणि कुठे थांबायचे हे चाल बांधणाऱ्यालाच ठरवावे लागते.

शिवाय शीर्षकगीताला एक अट असते, जी भावगीताला नसते. शेवटी मालिकेचे नाव यायचे असते आणि सगळी चाल त्या नावापर्यंत चढत किंवा उतरत न्यावी लागते. पुढे तीच चाल शब्दांवाचून, कधी बासरीवर संथ तर कधी सतारीवर, वर्षानुवर्षे प्रसंगांखाली वाजत राहते. स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या बाईला पहिल्या तीन-चार सुरांतच मालिका ओळखता आली पाहिजे. इतक्या थोडक्या सुरांत ओळख पटवायची, ती चार वर्षे टिकवायची आणि तरी ऐकणाऱ्याला वीट येऊ द्यायचा नाही, हे साध्य करायला जिंगल्समध्ये काही सेकंदांशी झुंजलेला आणि भावगीतात शब्दांचा मान राखायला शिकलेला संगीतकारच लागतो. पत्कींच्या वाटचालीतले हे टप्पे सुटे नाहीत. आधी कमावलेले पुढे कामी आले, आणि मालिकांनी शिकवलेला आटोपशीरपणा, माझ्या कानांना तरी, त्यांच्या नंतरच्या ‘राधा ही बावरी’तही ऐकू येतो.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. दैनंदिन मालिकेत एकाच धक्क्यावर तीन चेहरे तीनदा दाखवून तोच ढोलाचा ठोका वाजवला जातो, तेव्हा मलाही टीव्ही बंद करावासा वाटतो. पण शीर्षकगीताचा संगीतकार आणि पार्श्वसंगीत करणारा बहुतेक वेळा वेगवेगळा असतो. रोजचा भाग रोज द्यायचा असल्याने पार्श्वसंगीत पुष्कळदा आधी तयार करून ठेवलेल्या तुकड्यांतून जोडले जाते. मजकूर लिहिणाऱ्याने या दोन कामांची सरमिसळ केली आहे आणि घाईगर्दीचा दोष चाल बांधणाऱ्याच्या पदरात टाकला आहे.

‘सांगण्यावरून केलेले काम कलाकृती नव्हे’ हे विधान वनराज भाटियांच्या कामापुढे ठेवून पाहावे. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पुढे पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकलेल्या या संगीतकाराने हजारो जिंगल्स केल्या. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘तमस’ या मालिकेसाठी त्यांना संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘भारत एक खोज’च्या ५३ भागांच्या आरंभी त्यांनी ऋग्वेदातले सृष्टीच्या उत्पत्तीविषयीचे नासदीय सूक्त समूहस्वरात बांधले. वेदपठण आणि पाश्चात्त्य समूहगान एकाच चालीत नांदवण्याची ही संधी त्यांना दूरदर्शनच्या मालिकेनेच दिली. उतारवयात ते गिरीश कर्नाडांच्या नाटकावर ऑपेरा रचत होते. सांगण्यावरून केलेल्या कामाने त्यांची वाट कुठेही अडवलेली दिसत नाही.

राहता राहिला कोल्हापूरच्या शरमेचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत जास्त लागला. आपल्याच गावातले गोविंदराव टेंबे अल्लादिया खाँसाहेबांच्या सहवासात घडले, त्यांच्या साथीला पेटीवर बसले आणि पुढे त्यांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. याच गोविंदरावांनी १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पदांना पूरब अंगाच्या, म्हणजे उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या, चाली देऊन नाट्यसंगीताचा बाज बदलला, तोही नाटक मंडळीच्या गरजेप्रमाणे. आणि १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने इथे कोल्हापुरातच ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट केला, तेव्हा त्याचे संगीत त्यांनी दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही स्वतःच केली. त्या काळी बोलपट हे टीव्हीइतकेच नवे आणि धंदेवाईक माध्यम होते. खाँसाहेबांची गायकी कानात साठवलेला माणूस ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासमोर उभा राहिला आणि त्यामुळे त्याची खाँसाहेबांवरची निष्ठा तसूभरही कमी झाली नाही.

म्हणून पालकांना मी असे कळवले आहे की, अलंकार, म्हणजे सुरांचे सरावाचे पलटे, आणि दोन राग पक्के झाल्यावर मुले आधी ‘केतकीच्या बनी’ बसवतील आणि मग ‘आभाळमाया’. ते शिकवताना पहिले दोन दिवस मी फक्त थांबण्याच्या जागाच घेणार आहे.