बाळंतिणीच्या अंगावरून ‘जेवढं जाईल तेवढं जाऊ द्या’ म्हणू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सव्वा महिना बाळंतिणीने पलंग सोडू नये, पाणी घोटभरच प्यावं, खिडक्या लावून शेक-शेगडी घ्यावी, कान बांधावेत आणि अंगावरून जेवढं जाईल तेवढं जाऊ द्यावं, कारण ती पोटातली घाण असते. डिस्चार्जच्या वेळी घणसोलीच्या, कळव्याच्या सासवा मोबाईल पुढे धरून विचारतात, "सिस्टर, हे बरोबर ना?" प्रसूती वॉर्डात काम करते, म्हणून हे सविस्तर उत्तर.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण जीव त्याने जातो. बाळंतपणानंतर रक्त येतं ते वार सुटलेल्या जागेतून. गर्भाशय आवळलं की तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त कमी होत जातं. म्हणून आम्ही थोड्या थोड्या वेळाने पोटावर हात ठेवून बघतो. बेंबीपाशी घट्ट गोळा लागला तर ठीक. मऊ लागला तर लगेच चोळायला घेतो आणि डॉक्टरांना बोलावतो. पहिल्या २४ तासांत ५०० मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं की तो धोक्याचा रक्तस्राव. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. अशा बाईला त्याहून कमी रक्त गेलेलंही सोसत नाही.

घरी पोटावर हात ठेवणारं कोणी नसतं, म्हणून पॅड बघायचा. पहिले तीन-चार दिवस लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळसर पांढरं, आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत बंद. तासाभरात पॅड भिजला, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर वारेचा तुकडा आत राहिला असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल. १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

कान बांधायला माझी हरकत नाही. पण डोकं दुखलं की ‘वारा लागला’ म्हणून आणखी एक फडकं गुंडाळतात, त्याला आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब एकदम चढू शकतो, नऊ महिने नॉर्मल असलेल्या बाईचासुद्धा. डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली उजवीकडे कळ ही त्याची लक्षणं. पुढची पायरी झटके. बीपी मोजायला पाच मिनिटं लागतात. जवळच्या दवाखान्यात तेवढं तरी लगेच करा.

आता पलंग. विश्रांती हवीच, त्यात वाद नाही. धुणं-भांडी, पाण्याच्या बादल्या तिला नकोतच. पण सिझर झालेल्या बाईलाही आम्ही पहिल्या २४ तासांत धरून चालवतो. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याकडे कल असतो आणि पडून राहिलं की पायाच्या शिरेत गाठ होऊ शकते. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर ती चोळू नका. गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मालीशवाल्या मावशींनाही हे सांगून ठेवा.

पाणी प्यायल्याने पोट सुटत नाही आणि टाकेही पिकत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईला उलट जास्त पाणी लागतं. कमी प्यायली तर लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ आणि टाक्यांवर ताण. बाळाला पाजायला बसताना दर वेळी तांब्या शेजारी ठेवा, एवढं पुरे.

शेगडीचं मात्र ठामपणे नाही म्हणते. वन बीएचकेच्या बंद खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि आत आई-बाळ दोघं असतात. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या, टाक्यांपासून लांब.

डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल द्या. अळिवात लोह चांगलं असतं. पण लाडू सुरू झाले म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका. बाळंतपणानंतर त्या रोज एक, १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या मेसेजमध्ये गोळ्यांचा उल्लेखसुद्धा नाही.