कॉर्डुरॉयबद्दलच्या मेसेजचा खुलासा

कॉर्डुरॉय म्हणजे मऊ, फुगीर रेघांचं जाड कापड. त्याबद्दल सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कॉर्डुरॉय म्हणजे प्लास्टिकच. रेघा डिंकानं चिकटवलेल्या असतात, धुतलं की सुटतात. मुलांना घालू नका.’ हे खरं नाही.

रेघा कापडातच विणलेल्या असतात. विट्याच्या यंत्रमागांमुळे उभा-आडवा धागा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. कॉर्डुरॉय विणताना मूळ विणीखेरीज जादा आडवे धागे वरच्या बाजूला सैल सोडतात. नंतर ते धारदार पात्यांनी कापतात आणि ब्रशनं घासून उभे करतात. त्यातूनच ती मऊ, फुगीर रेघ तयार होते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या परिसरात ही कापणी पूर्वी माणसं लांब सुरीनं हातानं करत. फार कौशल्याचं काम होतं ते. जाड आणि टिकाऊ म्हणून कष्टकरी हे कापड वापरत.

खात्री करायची असेल तर कापलेल्या कडेचे धागे सुईनं उसवून पाहा. केसाळ तुकडे विणीत अडकलेले दिसतील.

आता प्लास्टिकचं. कॉर्डुरॉय मुख्यतः सुती असतं, काहींत पॉलिएस्टर किंवा स्पँडेक्स (ताणणारा धागा) असे कृत्रिम धागे मिसळतात. लेबल वाचा. सुटा धागा जपून जाळला तर सुती धाग्याची मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी बनते.

पहिल्या धुण्यात थोडे तंतू निघतात, ते कापणीतले सुटे तंतू. कपडा उलटा करून धुवा, इस्त्रीही उलट्या बाजूनं करा. सांगलीच्या उन्हाळ्यात मुलांना ते उकडेल हे खरं, पण थंडीत बिनधास्त घाला.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.